हत्ती नसल्याचा दाखला

शिक्षण संपवून गावी परतताना माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. मारुतीच्या पारावर गाव जमलंय, मधोमध मी बसलेय आणि लोक विचारताहेत, “नंदिनी, माती कशी वाचवायची? पाणी कसं धरून ठेवायचं? रानातल्या जनावरांशी कसं जुळवून घ्यायचं?” नॉर्वेत दोन वर्षं मी नेमकं हेच शिकले होते. माणूस आणि वन्यप्राणी यांचं सहजीवन. त्यावर एकशे चाळीस पानांचा प्रबंधही लिहिला होता. (तो तीन जणांनी वाचला. दोघे परीक्षक होते आणि तिसरी मी.)

प्रत्यक्षात आमच्या तालुक्याच्या, तुळजापूरकडल्या वाशीच्या स्टँडवर उतरल्यापासून महिनाभर मला एकच प्रश्न विचारला गेला. ऑटोवाल्यानं विचारला, गिरणीवाल्यानं पीठ मोजता मोजता विचारला, आणि ज्या शाळेत मी झाडांविषयी बोलायला गेले होते तिथल्या मुख्याध्यापकांनी आभारप्रदर्शनातच विचारला.

“मंग, आता बंदूक तुझ्याच नावावर व्हायची का?”

आमच्या घरात एक रायफल आहे. गाव तिला बंदूक म्हणतं, पण ती आहे मॅग्नम रायफल. निजामशाही संपली त्या गडबडीत हैदराबादेकडं निघालेल्या एका जागीरदाराकडून आजोबांनी ती घेतली. जागीरदारानं ती आफ्रिकेत जाऊन हत्ती मारायला मागवली होती. तो आफ्रिकेला गेला नाही, हत्ती इकडं आला नाही, आणि रायफल आमच्या घरी आली. तिचं एकेक काडतूस माझ्या आईच्या अंगठ्याहून जाड आहे. तशी काडतुसं आता कुठंच मिळत नाहीत. उरलीत ती दोन, देवघरात पितळी डब्यात, तुळजापूरच्या अंगाऱ्याशेजारी.

आजोबांनी ती एकदाच उडवली म्हणतात. समोर डुक्कर होतं. बार झाला तेव्हा डुक्कर पळालं आणि आजोबा पडले. खांद्याचं हाड दीड महिना बांधून ठेवावं लागलं. त्यानंतर रायफलीची कामं बदलली. लग्नात मांडवात मिरवायची, निवडणूक लागली की चौकीत वाजतगाजत जमा करायची, आणि खंडेनवमीला पाटावर बसून पूजा करून घ्यायची. माझे वडील, म्हणजे महारुद्र अप्पा, त्यात एक भर घालत. पंचविशीत त्यांनी तेरणेच्या काठाला याच रायफलीनं एक डुक्कर एका बारात लोळवलं, ही गोष्ट ते दर पाहुण्याला सांगत. दर पाहुण्यागणिक डुकराचं वजन वाढे. मी नॉर्वेला गेले तेव्हा ते दोन मणांचं होतं. परत आले तोवर चांगलं बाळसं धरलं होतं.

अशा घराची मी एकुलती एक मुलगी. त्यातून शाकाहारी.

तर आल्या आल्या मी अप्पांकडं जमीन मागितली. माझ्या पद्धतीनं, विषारी औषध न मारता करून दाखवते म्हटलं. अप्पांनी बरीच मिशी कुरवाळून ओढ्याकडचं चार एकर दिलं.

“एक हंगाम तुझा. शेंगा घरात आल्या तर रान तुझं, तू हितंच ऱ्हा. न्हाय आल्या तर दिवाळीनंतर पुण्याची नोकरी धरायची. मंग मला सहजीवन-बिहजीवन सांगायचं न्हाय.”

मी भुईमूग पेरला. बांधाच्या कडेनं सगळीकडून गवती चहा लावला, कारण उग्र वासाला रानडुकरं बिचकतात असं मी प्रबंधाच्या एक्क्याण्णवाव्या पानावर लिहिलं होतं. आणि चमत्कार झाला! शेजारपाजारची रानं डुकरांनी नांगरून काढली. आमच्या भुईमुगाला श्रावणभर नाक लावलं नाही. मी गवती चहाचे फोटो नॉर्वेच्या प्राध्यापकांना पाठवले. त्यांनी ते भिंतीवर लावले.

आणि भादव्यात एका सकाळी बघते तर ओढ्याकडचा कोपरा उकरलेला. दोन-अडीच गुंठे. शेंगांची टरफलं अशी पडली होती, की जणू रात्री तिथं कुणाचा वाढदिवस झाला.

तिथं उभ्या उभ्या मी एक छोटासा निर्णय घेतला. (माझे मोठे निर्णय आजवर कुणाला बाधले नाहीत. छोट्यांनीच घात केलाय.) घरात रायफल असून उपयोग नाही, कारण ती हत्तीची आहे. तर तीच रायफल बदलून घ्यायची. जाड काडतुसाऐवजी इथं दुकानात मिळणारं, लायसनवर विकत घेता येणारं साधं बारकं काडतूस तिला लागेल अशी करून घ्यायची. मग वनखात्याची रीतसर परवानगी काढून आधी हवेत बार. अगदीच वेळ आली, तर पुढचं पुढं. जितकं संकट तितकंच शस्त्र. हिंसाही प्रमाणात. मला हे तत्त्व इतकं आवडलं की मी त्याच्या अठरा स्लाइड केल्या.

अप्पांनी तिसऱ्या स्लाइडलाच लॅपटॉप मिटला.

“बंदूक ल्हान करायची?”

“लहान नाही अप्पा, उपयोगी.”

“उद्या म्हणशील, तहसीलदाराला तलाठी करा. गावाला जास्त उपयोगी पडतोय.”

“पडतोच की.”

“बघितलं का, कस्तुरा? ह्येच्यासाठी बर्फात धाडली व्हती. अगं, पंचक्रोशीत मॅग्नम म्हनल्यावर लोकं महारुद्रचं नाव घेतेत. त्या शिवलिंगअप्पाकडं बारा बोअर हाय. मी बारकी नळी घिऊन त्येच्यापुढनं जाऊ व्हय?”

आई शेंगा निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, “त्या बंदुकीनं आजपातूर घरातला उंदीर मेला न्हाय. बारकी झाली तर झुरळ तरी मरंल.”

“मी डुक्कर मारलंय तिनं!”

“व्हय. दर साली नवं.”

अप्पा उठून गेले. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

लायसन अप्पांच्या नावावर, त्यामुळं रायफल घेऊन तेच निघाले, मी जीप चालवली. सोलापूरला लायसनदार दुरुस्तीवाले शिवानंद मिस्त्री होते, त्यांच्याकडं. एरवी वाशीहून सोलापूरला तीन तास लागतात. आम्हाला सहा लागले, कारण अप्पांना येरमाळ्याला चहा हवा होता, मग पुढच्या फाट्यावर चहा हवा होता, मग तुळजापुरात. प्रत्येक ठिकाणी ते रायफल खांद्याला लावून उतरत आणि कप हातात घेऊन दहा मिनिटं नुसते उभे राहत. कुणी विचारलंच तर म्हणत, “काय न्हाय, सर्व्हिशिंगला चाललीय.”

शिवानंद मिस्त्री पासष्टीचे, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, बोलण्यात कानडीचा हेल. त्यांनी रायफल दोन्ही हातांत घेतली, नमस्कार केला, आतली कळ काढून बाजूला ठेवली आणि नळी उजेडाकडं धरून डोळा लावला. बराच वेळ लावला.

“उजेड दिसंना की.”

“ढग आलं असतील,” अप्पा म्हणाले.

“ऊन हाय, मालक. टकलं तापायलेत.” त्यांनी दुसऱ्या टोकानं डोळा लावला. “कवा उडीवली व्हती ही?”

“अं... मधी एकदा.”

मिस्त्रींनी लांब सळई घेतली आणि हळूहळू आत सारली. सळई अर्ध्यावर थटली. त्यांनी तेल सोडलं, थोडा वेळ थांबले, पुन्हा रेटली. मग दुसऱ्या तोंडातून मॅग्नम रायफलीनं, माझ्या माहितीप्रमाणं गेल्या सत्तर वर्षांत पहिल्यांदा, काहीतरी बाहेर टाकलं. एक वितीची कांडी होती. लाल, पिवळी, मग पुन्हा लाल, मधेमधे तांदळाचे दाणे, एक लवंग. थरावर थर. वास तुपाचा होता.

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागले.

उलगडा आईला फोन केल्यावर झाला. दर खंडेनवमीला रायफलीला हळदकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या आणि नळीच्या तोंडात चमचाभर पातळ तूप सोडायचं, ही आमच्या घरची रीत. “शस्त्राचं तोंड गोड करायला नगं?” आई म्हणाली. “सासूबाई करायच्या, म्या बी करती. तूप घरचंच हाय.”

“यव्वा,” मिस्त्री माझ्याकडं वळून म्हणाले, “ह्यात काडतूस घालून घोडा वडला असता, तर डुक्कर तिकडं खुशाल शेंगा खात बसलं असतं आणि हितं तुमच्या घरात सुतक आलं असतं.”

परतीच्या वाटेवर अप्पांनी चहा मागितला नाही. तुळजापूरच्या पुढं आल्यावर म्हणाले, “त्या डुकराच्या टायमाला... दुसऱ्याची बंदूक व्हती.” आणखी दोन मैल गेल्यावर म्हणाले, “डुक्करबी दुसऱ्यानंच मारलं. पर मी व्हतो तिथं.” मी गिअर बदलला. ते म्हणाले, “आईला सांगू नको.” जणू तिला माहीतच नव्हतं.

मिस्त्रींनी काम करायची तयारी दाखवली होती. आतली जाड नळी काढून बारकी बसवायची, बाकी लाकूड, घोडा सगळं तेच. पण एक अट. “बोअर बदललं की लायसन बदलतंय. आधी परवानगीचा कागद. कागद न्हाय तर मी पान्हाबी लावत न्हाय.”

तेव्हा मी कागदाच्या मागं लागले. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या कचेरीत हे कागद चालतात, तिचं नाव मी लिहीत नाही. मला तिथं अजून जायचंय. बंदुकीच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी माझा अर्ज मन लावून वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या.

“मॅडम, बदलाचं कारण काय लिहिलंय? ‘सदर रायफल हत्तीच्या शिकारीसाठी बनवलेली असून जिल्ह्यात हत्ती नाहीत.’ बरोबर?”

“बरोबर.”

“हत्ती नाहीत, हे कोण म्हणतं?”

“कोण म्हणतं म्हणजे? नाहीतच.”

“मला माहिताय, तुम्हाला माहिताय. फाइलीला माहीत नाही. हत्ती नसल्याचा दाखला जोडा. वनखात्याचा चालेल.”

मी हसले. ते हसले नाहीत. मी उठले.

वनरक्षक सिद्धलिंग हे तरुण, कामसू गृहस्थ. मी नॉर्वेत शिकले म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. पण दाखल्याचं नाव काढल्यावर डोकं खाजवू लागले.

“ताई, असलेल्या जनावराची आमच्याकडं नोंद असती. नसलेल्याची कशी ठेवायची?”

“मग नोंद नाही, एवढंच लिहून द्या.”

“नोंद न्हाय असं लिहिलं, की ती नोंद झाली की. उद्या कुणी जिराफ नसल्याचा मागंल. परवा पाणघोडा. मी त्येवढंच करत बसू का?”

मला त्यांचं म्हणणं पटलं, हेच वाईट झालं. आम्ही दोघं तत्त्वाची माणसं गंभीरपणे बसलो. शेवटी वाट त्यांनीच काढली.

“असं करा. तुमच्या रानात हत्तीचा संशय हाय, असा अर्ज द्या. मी जाग्यावर येतो. पंचनामा करतो. हत्ती आढळला न्हाय असं लिहितो. झाला तुमचा दाखला!”

खोटं लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून मी अत्यंत काळजीपूर्वक लिहिलं, “आमच्या भुईमुगाच्या रानात हत्ती आहे किंवा कसे, याची खात्री करून मिळावी.” यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग वाशीला जाऊन त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाल्यानं चौथी स्वतःसाठी काढली.

मी गावात पोचेपर्यंत गाव माझ्या स्वागताला उभं होतं. होय, पारावर. अगदी माझ्या चित्रातल्यासारखं. शेजारच्या मल्लम्मा मावशी सगळ्यांच्या पुढं.

“पोरी, सोंडंनं उपाटल्या का पायानं?”

“काय?”

“शेंगा गं!”

“मावशी, हत्ती नाही आलेला. तो नाही, हे कळावं म्हणून मी अर्ज केलाय.”

मावशी मागं वळून लोकांना म्हणाल्या, “लई घाबारलीय लेकरू. कबूल करंना.”

दुपारपर्यंत मोबाइलवर हत्तीचा फोटो फिरला. (त्यात मागं नारळाची बाग होती. आमच्या शिवारात नारळ फक्त देवापुढं असतो.) कुणी त्याला भूमच्या घाटात पाहिला, कुणी ओढ्यात पाणी पिताना. एकानं चीत्कार ऐकला. तो साखर कारखान्याचा भोंगा निघाला, पण तोवर माणसं जागची निघाली होती.

आणि अप्पा! मी घरात पाऊल टाकलं तर अप्पा रायफल पुसत बसलेले. पिवळ्या फडक्यानं, गुणगुणत.

“आता बंदूक ल्हान करायचं नाव काढू नको. हत्तीला मॅग्नमच लागतीय.”

“अप्पा, हत्ती नाहीये. तुम्हाला तर माहितीये!”

“मला म्हाईत हाय. पर लोकास्नी न्हाय ना.” त्यांचा चेहरा बऱ्याच वर्षांनी इतका उजळला होता की मी अर्जाची झेरॉक्स पिशवीतच ठेवली. आईनं मात्र काडतुसांचा डबा देवघरातून उचलला आणि धान्याच्या कोठीत टाकून कोठीला कुलूप लावलं.

सिद्धलिंग पंचनाम्याला चौथ्या माळेला आले. नवरात्र, त्यात वारही सुट्टीचा. पाच गावांची माणसं ओढ्याकडच्या रानात लोटली. बाया नटून आल्या. एक भेळेची गाडी आली. अप्पांनी कोपऱ्यात बाज टाकली होती आणि रिकामी रायफल मांडीवर आडवी घेऊन ते फोटो काढून देत होते. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते.

“अहो, बांधावरनं! बांधावरनं चला! पाय उचला, खाली शेंगा आहेत!”

“हत्ती कुठाय?”

“हत्ती नाही!”

“मंग एवढं राखती कशाला? बघू द्या की!”

मी अधिकारवाणीनं सहजीवनावर चार वाक्यं बोलायचा प्रयत्न केला. लोक खरंच थांबून ऐकू लागले. ऐकायला आणखी लोक आत आले. मी बोलत होते तेवढी जागा सगळ्यात जास्त तुडवली गेली.

दुपारी सिद्धलिंगांनी पंचांसमोर पंचनामा मोठ्यानं वाचला. माणूस प्रामाणिक, जे दिसलं ते लिहिलं होतं.

“प्रत्यक्ष पाहणीत हत्ती आढळून आला नाही.”

मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी पान उलटलं.

“तथापि सुमारे दीड एकर पीक अतिशय जड प्राण्यांच्या कळपाने तुडवल्याचे दिसून येते. नुकसानीचे स्वरूप पाहता हत्तीची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.”

“अहो, हे माणसांनी तुडवलंय! ह्यांनीच!”

“ताई, तसं लिवलं तर पंच सह्या करंनात.”

पंचांनी सह्या केल्या. सर्वांत मोठी सही, आणि सर्वांत मोठं पाऊल, सरपंचांचं होतं.

मी कागदाचा फोटो कचेरीतल्या भाऊसाहेबांना पाठवला आणि फोन लावला. सुट्टी असून त्यांनी उचलला, एवढं त्यांच्याविषयी चांगलं लिहिलंच पाहिजे.

“वाचलं मॅडम. शक्यता नाकारता येत नाही, म्हटलंय. मग आहे तीच रायफल योग्य आहे की! बदलाचा प्रश्नच मिटला. अर्ज निकाली काढतो. अभिनंदन.”

दिवस कलला, भेळेची गाडी गेली, माणसं गेली. अप्पा बाजेवर घोरत होते. मी बांधावर डोकं धरून बसले. दीड एकर गेलं होतं. अडीच एकर अजून उभं होतं आणि दसऱ्यानंतर उपटायचं होतं. तेवढं घरात आलं असतं तरी अप्पांना नाही म्हणता आलं नसतं.

आई मात्र रानाकडं बघत नव्हती. ती बांधाच्या कडेनं वाकून काहीतरी शोधत चालली होती. चिमटीनं उचलायची, बघायची, टाकायची.

“सगळं फिसकाटलं गं,” ती म्हणाली. “समदं पायानं उडालं.”

“काय उडालं?”

“केस.”

मी जवळ गेले. गवती चहाच्या मुळाशी मातीत काळं-करडं काहीतरी होतं. माणसाचे केस. डोक्याचे.

“बिभीषण न्हाव्याच्या दुकानातनं आणती मी, पोतं भरून. श्रावणापासनं टाकतीय. डुक्कर नाक घाशीत येतंय ना, मानसाच्या वासाला बिचकतंय, वर केस नाकात गेलं की शिंकून माघारी पळतंय. भादव्यात एक पोतं कमी पडलं, तवा त्यो कोपरा उकारला.”

मी बांधावरच्या हिरव्या रांगेकडं बोट केलं. “म्हणजे... गवती चहा?”

“त्येचा च्या चांगला व्हतोय.”

“आई, मला सांगितलं का नाहीस?”

“तू फोटो काढून परदेशात धाडलंस. किती आनंदली व्हतीस! म्हनलं, कशाला लेकराचं मन मोडावं?”

मी क्षणभर नॉर्वेतल्या त्या भिंतीचा विचार केला, आणि सोडून दिला. “मग आता पुन्हा आणू की केस! आत्ता जाऊ बिभीषणकाकांकडं.”

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी सिद्धलिंगांकडं बघितलं होतं.

“नवरात्र चाललंय, नंदे. घट बसल्यापासनं त्येच्या दुकानात कात्री वाजली न्हाय. आपल्या मुलखात दसऱ्यापातूर कोन केसाला हात लावतंय? पाच गावं हिंडलीस तरी मूठभर केस घावायचं न्हायत.”

ती रात्र आम्ही डबे बडवून काढली. सकाळी बघितलं, तर ओढ्याकडून पुन्हा गुंठाभर उकरलेलं. अशा पाच रात्री बाकी होत्या. बांध मोठा होता, पण आई म्हणाली, डुकरं ओढ्याच्या वाटेनंच येतात. तेवढी वाट बुजली तरी निभेल. आणि हे म्हणताना ती माझ्याकडं नाही, माझ्या पाठीकडं बघत होती. तिथं माझी वेणी होती. कमरेपर्यंत. लहानपणापासून तिनंच तेल लावून वाढवलेली.

मी त्या सकाळी निर्णय घेतला. पंचक्रोशीत नवरात्र न पाळणारं माणूस एकच होतं. इतकी वर्षं रूढींविरुद्ध भाषणं केली. आता प्रथमच त्या भाषणांचा कुणाला तरी उपयोग होणार होता, निदान भुईमुगाला.

बिभीषणकाका रिकाम्या दुकानात खुर्चीवर बसून मोबाइल बघत होते. माझं बोलणं ऐकून उठून उभे राहिले.

“नवरात्रात? आन् बाईमानसाच्या केसाला कात्री? आक्का, मला देवी सोडंल का?”

“काका, ही माझी जबाबदारी. पाप लागलं तर मला. मी लिहून देते.”

“लिहून नगं,” आई दारातून म्हणाली. “लिवल्यानंच समदं झालंय.” ती उपाशी होती, नवरात्राचे उपास चालले होते तिचे. दुकानाच्या पायरीवर ती आमच्याकडं पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, म्या काय बघितलं न्हाय. म्या हितं शेन गोळा करायला आलीय.” आणि हातातलं रिकामं पोतं तिनं न वळता मागं धरलं.

मी खुर्चीत बसले. ताठ. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी स्वतःविषयी फार आदर वाटला. पाठीमागं कोणीतरी तुतारी फुंकायला हवी होती.

बिभीषणकाकांनी वेणी हातात घेतली. तोलली. बोटांत चोळून बघितली. मग नाकाशी नेली, हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

“वैनी, हे केस न्हाय चालायचं.”

“का?” मी आरशातून विचारलं.

“कसलं साबन लावता आक्का? नुसता फुलांचा वास मारतोय. रेशमावानी मऊ. ह्याला मानसाचा वासच न्हाय! डुकराला वाटंल, पाव्हनचारच मांडलाय.”

“कापा,” मी म्हटलं. आवाज मला हवा होता तितका भारदस्त आला नाही.

काकांनी आईकडं बघितलं. आईनं अजून पाठ वळवली नव्हती.

“काप, भाऊ,” ती म्हणाली. “गोठ्यात बैलाखालच्या गोनपाटात गुंडाळून ठिवती. केसाला दुपारपातूर हितल्या मानसाचा वास यील.”

कात्री वाजली. न वळताच आई म्हणाली,

“हिला त्यो वास यायला आनखी एक हंगाम लागंल.”